सहाशे येनचा उतारा

कोणत्याही कंपनीच्या नोंदणीचा उतारा सहाशे येनला मिळतो. खिडकीवर अर्ज टाकायचा, सहाशेचं तिकीट चिकटवायचं, नंबर पुकारला की कागद उचलायचा. तुम्ही कोण आणि कागद कशाला हवा, हे कोणी विचारत नाही. ताकासाकीच्या तोकुरा नात्सुएने सव्वीस वर्षांत असे कितीतरी हजार उतारे काढले होते. ती मोगी सेन्सेईंच्या कचेरीत कारकून होती. मोगी सेन्सेई परवानाधारक दस्तलेखक; वकील-डॉक्टरांना म्हणतात तसं आदराने 'सेन्सेई'. घरांचे, जमिनींचे, कंपन्यांचे फेरफार कायद्याच्या भाषेत लिहून नोंदणी कचेरीत दाखल करायचे. दाखल करायला नात्सुए जायची, परत आणायला नात्सुए जायची, आणि कागदात चूक असली तर ती सेन्सेईंच्या आधी तिला सापडायची.

वय बावन्न. घटस्फोटाला चौदा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, स्टेशनच्या मागे दोन खोल्या. शनिवार-रविवार मात्र 'अमेन्बो'चे.

अमेन्बो म्हणजे पाण्यावर चालणारा किडा. चार पुरुषांच्या गाण्यानाचाच्या त्या चमूला हे नाव दिलं कागेयामा शूझोने. नागिसाका प्रॉडक्शन ही त्यांची संस्था त्यानेच काढलेली. हा किडा बुडत नाही, पण फार पुढेही जात नाही, असं तो स्वतःच मंचावर येऊन सांगायचा. नात्सुएने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माएबाशीच्या एका बाजारगल्लीतल्या सभागृहात. प्रेक्षक अकरा. कार्यक्रम संपल्यावर कागेयामा दारात उभा राहिला आणि अकराही जणांना कमरेत वाकून निरोप दिला. सतरा वर्षांत प्रेक्षक चार हजारांवर गेले, कागेयामा दारातून हलला नाही. चाहत्या बायका त्याला नुसतं 'अध्यक्ष' म्हणायच्या, घरातल्या थोरल्या काकांबद्दल बोलावं तशा बोलायच्या.

मग दोन वर्षांपूर्वी चौघांतला रिकुओ चमू सोडून गेला. संस्थेने दोन ओळींचं निवेदन काढलं. प्रकृतीच्या कारणास्तव तो विश्रांती घेत आहे, कृपया मायेने पाहत राहावं. अशा निवेदनांत मायेचं वाक्य असतंच आणि त्याचा अर्थ एकच असतो: विचारू नका. इकेबुकुरोच्या एका चहाच्या दुकानात बायका जमल्या आणि रडल्या. नात्सुएला रडू येईना. सोमवारी तिने नागिसाका प्रॉडक्शनचा उतारा काढला.

रिकुओबद्दल त्यात अर्थातच काही नव्हतं. पण कंपनी कधी स्थापन झाली, भांडवल किती, संचालक कोण, हे होतं. कंपनीच्या उद्देशांची यादी होती: कलावंतांचं व्यवस्थापन, ध्वनिमुद्रण, खाद्यपदार्थांची विक्री आणि अकराव्या कलमात कुठून तरी येऊन बसलेलं पाळीव प्राण्यांचं प्रशिक्षण. रिकुओ गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. पुढच्या महिन्यात तिने राजपत्रातून संस्थेचा ताळेबंद शोधून काढला. कायद्याने तो छापायचा असतो, छोट्या कंपन्या बहुधा छापत नाहीत. कागेयामा न चुकता छापायचा.

समाजमाध्यमावर तिने 'तोकी' या नावाने खातं उघडलं आणि कागद समजावून सांगायला लागली. कोरडी भाषा, लहान वाक्यं, एक उद्गारचिन्ह नाही. वर्षभरात सहा हजार लोक ते वाचू लागले. चहाच्या दुकानात आता बायका चमूच्या रंगाचे पंखे पिशवीत ठेवायच्या आणि ताळेबंद टेबलावर पसरायच्या.

"तोकीसान, हे 'आगाऊ जमा' काय असतं?" इकुमीने एकदा विचारलं. इकुमी एकतीस वर्षांची, नेरिमातल्या एका दंतवैद्याकडे कामाला, नात्सुएच्या मागेमागे असायची.

"चाहता मंडळाची तुझी वर्गणी. वर्षाचे पैसे तू आधी भरतेस, त्यांनी अजून तुला काही दिलेलं नसतं. तोवर ते त्यांच्यावरचं देणं."

"म्हणजे अध्यक्ष माझे देणेकरी?"

"साडेपाच हजार येनचे."

"मग जरा ताठच बसते."

सगळ्या हसल्या. पण सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न वेगळाच होता: खरा मालक कोण? आणि त्याचं उत्तर उताऱ्यात नसतं. नोंदणीत संचालक असतात, भागधारक नसतात. नात्सुएने हे एकदा लिहिलं होतं, सुरुवातीला. कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तिनेही पुन्हा आठवण करून दिली नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी ती कचेरीच्या कामाला गेली असताना सवयीने नागिसाकाचाही अर्ज टाकून बसली. खिडकीवरच्या माणसाने कागद परत सरकवला. "यावर नोंदणी चालू आहे. पूर्ण होईपर्यंत उतारा मिळणार नाही."

याचा अर्थ काहीतरी बदलत होतं. काय, ते बदलून झाल्याशिवाय कळणार नव्हतं. नात्सुएने तेवढंच लिहिलं: 'नागिसाकाची नोंदणी चालू आहे.' संध्याकाळपर्यंत ते सहा हजारांच्या बाहेर गेलं. अध्यक्षांना कोणी आठ महिने दारात पाहिलं नव्हतं, हे आता जो तो बोलू लागला. ओसाकाच्या कार्यक्रमाला नव्हते. नागोयाला नव्हते. कोणी म्हणालं संस्था विकली, कोणी म्हणालं बुडाली. मंगळवारी उतारा मिळाला नाही. बुधवारी नाही. गुरुवारी तिला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी मिळाला.

तीन पानं. तिने ती कचेरीच्या मागच्या खोलीत दुपारच्या सुट्टीत वाचली, एक भाताचा गोळा खाऊन झालेला, दुसरा तसाच. मुख्य संचालक कागेयामा शूझो पायउतार. मुख्य संचालक म्हणून कागेयामा फुसाको, म्हणजे त्याची बायको. नवा संचालक कुझे तोमोआकी. हे नाव तिने इतरत्र शोधलं तर एका गुंतवणूक कंपनीच्या पानावर सापडलं. उद्देशांत एक नवं कलम: स्थावर मालमत्ता भाड्याने देणे.

मुख्य संचालकाच्या नावासोबत त्याच्या घराचा पत्ता छापलेला असतो. दोन वर्षांत तिने एकदाही पत्ता बाहेर जाऊ दिला नव्हता. आजही तिने टेबलावरची पांढरी खोडपट्टी घेतली, फुसाकोच्या नावावरची पत्त्याची ओळ झाकली, बोटाने दाबली आणि पानाचा फोटो काढला. खाली लिहिलं: 'अध्यक्ष पायउतार. पत्नी मुख्य संचालक. गुंतवणूक कंपनीचा माणूस मंडळावर. बाकी तुम्हीच ठरवा.'

बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. दुसरा भाताचा गोळा तिने खाल्ला आणि कामाला बसली.

सव्वातीनला टेबलाच्या खणात फोन तिसऱ्यांदा थरथरला, तेव्हा तिने तो उचलला.

"तोकीसान, मी नेरिमात आहे." इकुमी कुजबुजत होती. "त्यांच्या घरासमोर."

"कोणाच्या?"

"अध्यक्षांच्या. आम्ही वीसेक जणी आहोत. अजून येतायत. मी आपली बघायला आले होते, जवळच आहे म्हणून. पण आता… मला हे बरं दिसत नाही."

"घर कसं सापडलं?"

"असं काय विचारता? तुम्हीच तर दिलंत."

नात्सुएने फोटो उघडून पाहिला. पट्टी जागच्या जागी होती. तिने तो मोठा केला, पुन्हा पाहिला. पट्टी होती. शेवटी ती फोन घेऊन मोगी सेन्सेईंच्या टेबलाशी गेली. हे खातं तिने त्यांना कधी दाखवलं नव्हतं.

"सेन्सेई, यात पत्ता दिसतो का?"

सत्तरीचे सेन्सेई चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. "झाकलाय की."

"लोक म्हणतात दिसतो."

"कुठे? हा झाकलेला." त्यांचं बोट पट्टीवर होतं. मग ते बोट हळूच एक ओळ वर सरकलं आणि थांबलं. "अरे देवा."

नोंदणीतून रद्द झालेली नोंद पुसत नाहीत. तिच्याखाली रेघ ओढतात आणि ती कागदावर तशीच ठेवतात. पायउतार झालेल्या शूझोच्या नावावर तोच पत्ता होता, घर क्रमांकासकट, खाली बारीक रेघ. नात्सुएच्या डोळ्याला सव्वीस वर्षांची सवय: खाली रेघ म्हणजे नोंद मेली, नजर पुढे. सेन्सेईंची सवय चाळीस वर्षांची. कागद कधी न वाचलेल्या माणसाला मात्र ती ओळ इतर ओळींसारखीच दिसत होती. उलट रेघ असल्यामुळे जरा जास्तच.

तिने फोटो काढून टाकला. तोवर नऊशे जणांनी तो पुढे पाठवला होता.

"पहिल्यांदा तिथल्या चौकीला फोन करा," सेन्सेई म्हणाले. "गाडी पकडायच्या आधी. घरात कोण असेल?"

"बायको. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. जन्मतारीख छापत नाहीत, पण एका मुलाखतीत होतं."

"तुमच्या बऱ्याच गोष्टी पाठ आहेत, तोकुरासान." त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. नात्सुएला राग परवडला असता.

चौकीतल्या पोलिसाने नम्रपणे ऐकून घेतलं, एक चक्कर मारतो म्हणाला. ती शिंकान्सेन या वेगवान गाडीने ओमियापर्यंत गेली, तिथून बदलत बदलत नेरिमाला. वाटेत ती फोनवर बघत राहिली. कोणीतरी फाटकाचा फोटो टाकला. मग पत्रपेटीचा. मग खिडकीचा, खाली लिहिलेलं: 'दिवे बंद. लपलीय.' मग असं कोणीतरी, ज्याला अमेन्बो कोण हेही माहीत नसावं: 'म्हाताऱ्याला मारून टाकलं की काय?' त्याखाली हसण्याची चित्रं. दर स्टेशनगणिक ते वाढत होतं आणि थांबवायचं म्हटलं तर कुठे हात घालायचा तेच कळत नव्हतं.

ती पोहोचली तेव्हा सव्वापाच वाजले होते, पूर्ण अंधार पडलेला. तिने आरडाओरडा अपेक्षिला होता. गल्लीत आवाजच नव्हता.

कुंपणाला लागून दोन ओळींत बायका उकिडव्या बसल्या होत्या. चाळीस तरी. गुडघे जुळवलेले, पिशव्या पोटाशी, पुढच्या ओळीत वयस्कर, मागे तरुण, मधे माणसाला जायला मोजून वाट. कलावंत नाट्यगृहाच्या मागच्या दाराने बाहेर पडतात तेव्हा त्या अशाच बसतात. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, पत्र द्यायचं आणि मान खाली घालायची. पोलीस येऊन गेला होता. त्याने वाट मोकळी ठेवा म्हटलं, ती आधीपासूनच मोकळी होती. फाटकावर एक पाटी टेकवलेली, सुंदर अक्षरात: 'अध्यक्ष कुठे आहेत?'

घरात एकही दिवा नव्हता. पलीकडच्या कोपऱ्यात तिशीचा एक माणूस काठीवर फोन लावून उभा होता आणि त्या फोनशी बोलत होता. "दिवे नाहीत बघा. पण एसीचं बाहेरचं यंत्र फिरतंय. म्हणजे आत कोणीतरी आहे."

हा चाहता नव्हता. चाहत्या माणसाने असं बोलून दाखवलं नसतं.

इकुमी उठून तिच्याकडे आली. "तो तासाभरापासून आहे. दोन हजार लोक बघतायत म्हणतो."

"रांग कोण चालवतंय?"

"यात्सुयानागीसान."

प्रत्येक रांगेला एक मुकादम असते. यात्सुयानागी चौसष्ट वर्षांची, चमूच्या पहिल्या वर्षापासूनची, वहीत सगळ्यांचे क्रमांक लिहिलेले. नात्सुए तिच्यासमोर उकिडवी बसली.

"यात्सुयानागीसान, मी तोकी."

यात्सुयानागीने बसल्या जागेवरून वाकून नमस्कार केला. "तुम्ही होय. फार उपकार झाले. तुम्ही नसतात तर आम्हाला काही कळलंच नसतं."

"तो पत्ता चुकून गेला. माझी चूक. सगळ्यांना उठवा."

"चूक?" यात्सुयानागीने वही मिटली. "आम्ही कोणाला त्रास देत नाही. आवाज नाही, कचरा नाही. शेजारणीने मघाशी विचारलं, कोणाची अंत्ययात्रा आहे का म्हणून. इतक्या शांत आहोत."

"आतल्या बाईंनी काय समजायचं?"

"बेल एकदाच वाजवली. उत्तर आलं नाही, म्हणून बसलोय. अध्यक्षांनी सतरा वर्षं दारात उभं राहून आम्हाला निरोप दिला. आज आम्ही त्यांच्या दारात आलो. त्यांनी एकदा येऊन सांगावं, मी माझ्या मनाने उतरलो. मग जातो." ती जरा पुढे झुकली. "खरं सांगा. आता मालक कोण? तो गुंतवणूकवाला ना?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?"

"कोणालाच उताऱ्यातून कळत नाही. भागधारकांची यादी कंपनीच्या कपाटात असते. मी ती कधी पाहिलेली नाही."

"मग 'बाकी तुम्हीच ठरवा' म्हणजे काय होतं?"

"ते लिहायला नको होतं."

पुढची ओळ ऐकत होती. मागच्या ओळीत ते पोहोचायला वेळ लागला नाही. कोणी काही बोललं नाही, पण नात्सुएला आपल्या मानेवर चाळीस जणींची नजर जाणवली, आणि ती दुपारपर्यंत होती तशी नव्हती.

"दोन वर्षं तुमचं वाचतेय मी," यात्सुयानागी म्हणाली. "शब्दन् शब्द."

तरी कोणी उठलं नाही. मुकादम उठली नव्हती.

तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी गाडीचे दिवे वळले. पांढरी उंच गाडी, बाजूला वृद्धांच्या दिवसभराच्या देखभाल केंद्राचं नाव. ती रांग बघून थांबली. चालकाने भोंगा वाजवला नाही, नुसता दिवा एकदा मिचकावला. घराचं बाजूचं लहान दार बोटभर उघडलं आणि लगेच बंद झालं.

नात्सुएने त्या दाराकडे नीट पाहिलं. पायरीवर लाकडी उतार बसवलेला. भिंतीला नवा कोरा कठडा. वर्षातून दहा वेळा मोगी सेन्सेईंच्या कचेरीत असे कागद यायचे: नवरा पायउतार, बायको मुख्य संचालक, आणि राजीनाम्याखालची सही अशी की ती डाव्या हाताने केलीय हे लहान पोरालाही कळावं. असे कागद तिने स्वतः टाचले होते. नागिसाकाच्या उताऱ्यात ती कट शोधत बसली.

काठीवाला माणूस गाडीकडे वळला. "कोणीतरी आलं. बघूया कोण आलं."

"यात्सुयानागीसान," नात्सुए अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "अध्यक्ष त्या गाडीत आहेत. चाकाच्या खुर्चीत असतील. पाच मिनिटांत तुम्हाला दिसतील. आणि तो सगळ्या देशाला दाखवेल."

यात्सुयानागीने गाडीच्या मागच्या बाजूची, खुर्ची उतरवायची उचलणी पाहिली. मग कोपऱ्यातला माणूस पाहिला. तिला ठरवायला फार वेळ लागला नसावा, पण नात्सुएला तो लांबला असं वाटलं. दोन बोटं वर झाली. दोन्ही ओळी एका हालचालीत उभ्या राहिल्या.

"गाडीपासून दारापर्यंत. दोन्ही बाजूंनी. खांद्याला खांदा." ती हळूच बोलली, तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. "तोंड बाहेर. आत कोणी बघायचं नाही. कोट उघडा, वर धरा."

नाट्यगृहाच्या दारात सतरा वर्षं लागलेली शिस्त होती. मिनिटभरात गाडीपासून दारापर्यंत भिंत उभी राहिली, कोटांची आणि माणसांची, आणि सगळ्यांची पाठ आतल्या बाजूला. ज्यांना बघायला त्या दोनदोन तास प्रवास करून आल्या होत्या, त्यांच्याकडे.

काठीवाला धावत आला. "जरा बाजूला व्हा ना. रस्ता सगळ्यांचा आहे."

"शेवटी उभे राहा," एक बाई त्याच्याकडे बघून म्हणाली. "रांग आहे."

"कसली रांग? मी काय तुमच्या—"

"क्रमांक घेतलात का?"

त्याने काठी वर केली. शेजारच्या दोघींनी कोट आणखी वर धरले. उचलणीचं यंत्र घरघरलं, खाली टेकलं. चाकं रस्त्यावर आली. नात्सुए भिंतीत उभी होती, डावीकडे इकुमी, उजवीकडे यात्सुयानागी. चाकांचा आवाज पाठीमागून जवळ आला. दाराच्या अलीकडे कुठेतरी खुर्ची थांबली. का थांबली ते कोणाला कळलं नाही. दहा-पंधरा सेकंद जड श्वास ऐकू येत राहिला. मग उतारावर चाकं खडखडली आणि दार लागलं.

कोणी वळून पाहिलं नाही.

काठीवाल्याने गोष्ट संपली हे ओळखलं. "काही दिसलं नाही मंडळी," असं फोनला सांगून तो स्टेशनच्या दिशेने गेला. यात्सुयानागीने फाटकावरची पाटी उचलली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि बायकांना तीनतीनच्या गटांनी पाठवायला सुरुवात केली. नात्सुएला तिने नमस्कार केला नाही.

पाऊण तासाने लहान दार पुन्हा उघडलं. गल्लीत नात्सुए एकटीच होती. गाडी अजून उभी होती, चालक आत बसून कोणाला तरी फोनवर सांगत होता, बाईंनी थांबायला सांगितलंय, उशीर होईल.

"तोकी तुम्हीच का?" दारातल्या बाई ठेंगण्या होत्या, स्वयंपाकाच्या एप्रनवर स्वेटर.

नात्सुए कमरेत वाकली आणि वर आली नाही.

"वर बघा. तसं वाकलेलं पुष्कळ पाहिलंय मी आयुष्यात." कागेयामा फुसाकोंचा आवाज कोरडा होता. "तुमचं वाचते मी. ताळेबंद बरा वाचता. आगाऊ जमेवरून सभासदांचा आकडा काढलात तो चुकला होता; तिकिटांचे पैसे त्यात होते."

"हो."

"कुझे माझा भाचा. बँकेत जाऊन बोलायला कोणीतरी हवं होतं. यांना मार्चपासून बोलता येत नाही. हे बाहेर जाऊ नये, चमूतल्या मुलांचा वर्धापनदिनाचा कार्यक्रम होईपर्यंत तरी, एवढंच यांना हवं होतं. लिहून दाखवलं यांनी, डाव्या हाताने. अर्धा दिवस लागला."

"मी काही लिहिणार नाही."

"तुम्ही नाही लिहिणार." फुसाकोंनी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. "तो फोटो पुसता येईल?"

"माझा पुसला. लोकांनी उतरवून घेतलेले नाही येणार."

"उद्या किती येतील?"

"सांगता येत नाही."

"कचेरीत काम करता ना? अंदाज सांगा."

"उद्या शनिवार आहे," नात्सुए म्हणाली. "आजच्यापेक्षा जास्त येतील. आणि या बायका नसतील."

कठड्यावर हात ठेवून फुसाको जरा उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. आतून कपाटं उघडल्याचे आवाज येत राहिले. वीस मिनिटांनी त्यांनी दोन बॅगा दारात आणून ठेवल्या, औषधांची एक पिशवी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक उशी. नात्सुएने न विचारता बॅगा उचलल्या आणि गाडीत नेऊन ठेवल्या. परत आली तेव्हा उघड्या दारातून तिला न्हाणीघर दिसलं, तिथेही कठडे, बसायची खुर्ची, सगळं या उन्हाळ्यात बसवलेलं, अजून लाकडाचा वास येणारं.

अध्यक्षांना बाहेर आणलं तेव्हा ती दिव्याच्या खांबाकडे तोंड करून उभी राहिली.

उचलणी वर गेली. फुसाको नवऱ्याच्या शेजारी बसल्या, पट्टा लावला, पिशवी मांडीवर घेतली. चालक मागे वळला. "कुठे जायचं, बाई? केंद्राला कळवावं लागेल."

फुसाकोंनी उत्तर दिलं नाही. उघड्या दारातून त्या नात्सुएकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे, नुसत्या थांबून. चालकानेही तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा फुसाकोंकडे, काय अडलंय ते न कळून.

नात्सुएला कळलं. ती मागे सरली, कुंपणाच्या शेवटापर्यंत गेली, थंड पेयांच्या यंत्रापाशी थांबली. तिथूनही गाडीतलं बोलणं ऐकू आलं असतं. ती आणखी पुढे गेली, वळणापलीकडे.

तेव्हा फुसाकोंनी चालकाला पत्ता सांगितला.